अर्धवट सोडलेलं विमान: आरव्ही-६ पुन्हा उभं करताना

पत्रेवाली

गॅरेजमध्ये विमान आहे म्हटलं की लोक आधी गॅरेज केवढं आहे ते विचारतात. दोन गाड्यांचं आहे. त्यातली एक गाडी दोन हिवाळे बाहेर बर्फात काढून बसली आहे.

मी मूळची सांगलीची, सध्या ओहायोत कोलंबसजवळ. नोकरी सॉफ्टवेअरची. खासगी वैमानिकाचा परवाना आठ वर्षांपूर्वी काढला आणि तेव्हापासून भाड्याच्या सेसनात तासाला पैसे मोजत आले. दोन वर्षांपूर्वी ओळखीतून कळलं की शेजारच्या इंडियानात एका शेतावरच्या कोठारात आरव्ही-६ चं अर्धवट किट पडून आहे. बांधणारे आजोबा थकले होते, मुलांना त्यात रस नव्हता. ट्रेलर भाड्याने घेतला, पंख जुन्या गाद्यांत गुंडाळले आणि पन्नास मैलांच्या वर वेग न नेता घरी आणले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आरव्ही ही रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन या अमेरिकन अभियंत्याने काढलेली विमानांची मालिका, कारखाना ऑरेगॉन राज्यात ऑरोरा गावी. किट म्हणजे पत्रे, फासळ्या, रिव्हेट (पत्रे जोडायला भोकात घालून ठोकून चेपायच्या धातूच्या मेखा), फायबरग्लासचे थोडे भाग आणि नकाशांची गुंडाळी. इंजिन, प्रोपेलर, यंत्रं आपली आपण आणायची. आरव्ही-६ मध्ये दोघं शेजारी-शेजारी बसतात. पंख टोकापासून टोकापर्यंत २३ फूट, इंधन ३८ गॅलन. २००१ मध्ये आरव्ही-७ आलं आणि ६ चं किट बंद झालं. ७ च्या पत्र्यांना कारखान्यातच भोकं पाडलेली येतात, एकावर एक ठेवली की जुळतात. सुरुवातीच्या ६ ला मात्र भोकं बांधणाऱ्यानेच पाडायची, लाकडी जिग करून, ओळंबा आणि पाणसळ लावून. माझं किट १९९४ चं. म्हणजे माझं विमान सरळ उडणार की तिरकं, हे एका अनोळखी माणसाने तीस वर्षांपूर्वी ठरवून टाकलं आहे.

मिळालं काय: शेपूट पूर्ण. दोन्ही पंख बंद केलेले. धडाचा खालचा अर्धा भाग तयार, वर सगळं उघडं. इकडे या अवस्थेला होडी म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात बाबा सहा महिन्यांसाठी आले, त्यांनी बघताक्षणी 'ही तर काहील!' म्हटलं. गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार. तेव्हापासून आमच्या घरी तिचं नाव काहील. शिवाय क्रेटमध्ये एक लायकमिंग इंजिन आणि तीन वह्या. त्या वह्यांसाठी मी आजोबांना सगळ्यात जास्त धन्यवाद दिले. तारीख, किती तास, काय केलं, सोबत चिकटवलेला फोटो. शेवटची नोंद २००३ ची.

पहिला धक्का उजव्या पंखात. टोकाकडच्या दोन खणांत उंदरांनी घर केलं होतं. कापूस, मक्याचे दाणे, चिंध्या. घरटं काढणं अवघड नाही. मास्क, हातमोजे, आणि आधी फवारा मारून ओलं करायचं, कारण त्या धुळीतून वाईट आजार होतात. खरा त्रास मुताचा. पत्रा २०२४ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमचा, त्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो, तोच त्याचा गंजापासून बचाव. मुताने तो थर खाल्ला होता. खालच्या पत्र्यावर पांढरट ठिपके होते आणि चार-पाच ठिकाणी नख फिरवलं तर अडकत होतं. म्हणून तो पत्रा उतरवला. दीड-दोनशे रिव्हेट ड्रिलने काढावे लागले.

पत्रा निघाल्यावर आतलं सगळं काम उघड्यावर आलं. बहुतेक रिव्हेट छान, काहींची मागची डोकी तिरकी, काही जास्तच चेपलेली. आख्ख्या विमानात दहा हजारांच्या वर रिव्हेट, त्यातले मी मारलेले अजून पाचशेही नाहीत. इथे मंचावर कारखान्यात काम केलेली मंडळी आहेत म्हणून विचारते: दुसऱ्याचं काम कुठपर्यंत उकलायचं? मनाचं समाधान होईपर्यंत उकलत गेले तर नवीन किट घेणंच बरं होतं.

फोटो खाली देते आहे.

चिवडाप्रेमी

फोटो दिसत नाहीत.

पत्रेवाली

आता?

चिवडाप्रेमी

नाही. पण काहील डोळ्यांसमोर आली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

शंकेखोर

मूलभूत शंका. घरी ठोकून केलेलं विमान तिथलं सरकार उडवू कसं देतं? आमच्याकडे गच्चीवर पत्र्याची शेड टाकायची तर सोसायटीची सभा लागते.

पत्रेवाली

अमेरिकेत 'प्रायोगिक, हौशी बांधणीचं' असा वेगळा वर्गच आहे. मुख्य अट अशी की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असलं पाहिजे. हा ५१ टक्क्यांचा नियम. एकाच माणसाने केलं पाहिजे असं नाही. आजोबांचं काम अधिक माझं काम मिळून चालतं, फक्त ते पुराव्याने दाखवता आलं पाहिजे. म्हणून त्या तीन वह्या. वह्या नसत्या तर हे सगळं सुटे भाग म्हणून विकायच्या लायकीचं राहिलं असतं.

बांधून झालं की एफएएचा (इथल्या सरकारच्या विमान खात्याचा) किंवा त्यांनी नेमलेला निरीक्षक येऊन कागद आणि विमान दोन्ही बघतो. मग चाचणीचा टप्पा: ठरलेल्या हद्दीतच उडायचं, प्रवासी नाही. विमानासाठी प्रमाणित इंजिन आणि प्रोपेलरची जोडी असेल तर सहसा २५ तास, नाहीतर ४०. दारापाशी 'एक्सपेरिमेंटल' असं दोन इंची अक्षरांत लिहायचं, आत बसणाऱ्याला दिसेल अशी इशाऱ्याची पाटी लावायची. पुढे स्वतःच्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करायचा दाखला हवा असेल तर मुख्य बांधणारी मीच, हे पटवून द्यावं लागतं. तिथे माझं काम किती आणि आजोबांचं किती हा प्रश्न येणारच. त्याची तयारी म्हणून चौथी वही मी लिहिते आहे.

काटेकोर

मी चाकणला गाड्यांच्या क्वालिटीत आहे. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्याकडे एका लॉटमध्ये शंका आली की पूर्ण लॉट बाजूला. तुमच्याकडे तर मूळ ऑपरेटर अप्रशिक्षित, ट्रेनिंग रेकॉर्ड नाही, तपासणी त्यानेच केलेली. तिरकी डोकी दिसली ना? मग न दिसणारीही असतील. सगळं उकला. गाडी बंद पडली तर बाजूला घेता येते.

ओझरकर

ताई, मी ओझरला एचएएलमध्ये एकतीस वर्षं काढली, बहुतेक मिगच्या पत्र्यावर. तुमचा प्रश्न बरोबर आहे, पण सुरुवात मापापासून करा. डोकं तिरकं दिसतं म्हणजे किती तिरकं?

१/८ इंची रिव्हेटचं मागचं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि व्यासाच्या निम्मं उंच असावं. म्हणजे अंदाजे ४.८ मिलिमीटर रुंद, १.६ उंच. ३/३२ चा असेल तर ३.६ आणि १.२. याला पत्र्याचं गेज मिळतं, खाचेत डोकं बसतं की नाही एवढंच बघायचं. डोळ्यावर जाऊ नका. डोळा संध्याकाळी दमतो आणि सगळंच वाईट दिसायला लागतं.

आता चाकणच्या साहेबांसाठी. रिव्हेट काढणं म्हणजे नट खोलणं नव्हे. पुढच्या डोक्याच्या बरोबर मध्यावर ड्रिल लागलं पाहिजे, डोक्याच्या खोलीएवढंच गेलं पाहिजे, मग डोकं उडवून दांडी पंचने हलक्या हाताने बाहेर ढकलायची. ड्रिल जरा सरकलं की भोक लंबगोल. लंबगोल भोकाला पुढच्या मापाचा रिव्हेट. पुढचं माप घेतलं की कडेचं अंतर कमी पडतं, कारण भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत व्यासाच्या दुप्पट पत्रा हवाच. तेवढा नसेल तर फासळी बदला. फासळी बदलायची तर तिच्या दोन्ही बाजूंचे रिव्हेट काढा. एका तिरक्या डोक्यापायी कुठे पोचलो बघा. नव्या मुलांना आम्ही पहिलं हेच सांगायचो की तुझा हात बसेपर्यंत वाईट रिव्हेट मला दाखव, काढू नकोस.

काटेकोर

मग तिरकं पास करायचं?

ओझरकर

मापात बसत असेल तर पास. डोक्याला भेग असेल, डोक्याखाली पातळ फीलर गेज (फट मोजायची पट्टी) शिरत असेल, दोन पत्र्यांमध्ये फट राहून रिव्हेट त्या फटीत फुगला असेल, किंवा रिव्हेट आडवा पडला असेल, तर नापास. उडालेल्या विमानात सैल रिव्हेटभोवती काळपट ओघळ उमटतो, त्यावरून लगेच सापडतो. तुमचं उडालेलंच नाही, ती खूण तुम्हाला मिळायची नाही. म्हणून फीलर गेज घेऊन बसा.

उडती_बस

यानिमित्ताने चौपाटीवर १८९५ साली तळपद्यांनी उडवलेल्या विमानाची आठवण झाली. राइट बंधूंच्या आधी आठ वर्षं! आपल्याला आपल्याच

संपादक मंडळ

तळपदे यांच्या उड्डाणाचा दावा, त्याला समकालीन पुरावा आहे की नाही, आणि बंगळुरूच्या आयआयएससीतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये 'वैमानिक शास्त्र' या प्राचीन म्हणवल्या जाणाऱ्या ग्रंथातली विमानं उडूच शकत नाहीत असं का लिहिलं, यावर तीन धागे आधीच आहेत. तिकडे जावे. इथले या विषयावरचे सहा प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

उडती_बस

बरं. मग जिवंत उदाहरण देतो. कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात बीकेसीला ठेवलं होतं, मी स्वतः जाऊन पाहिलं. पुढच्या वर्षी डीजीसीएने व्हीटी-एनएमडी म्हणून नोंदणी दिली. हे चालेल ना?

पत्रेवाली

चालेल काय, पळेल. पण त्यांचं काम माझ्याहून फार वेगळ्या जातीचं आहे. त्यांनी विमानाचा आराखडाच स्वतःचा केला आणि मग परवानगीसाठी वर्षानुवर्षं खेटे घातले. माझ्या विमानाची हजारो भावंडं उडत आहेत, त्यांच्यात कुठे काय बिघडतं ते जगजाहीर आहे. उदाहरणार्थ आडव्या शेपटीच्या पुढच्या स्पारला (आतल्या तुळईला) भेगा जातात, हे बऱ्याच आरव्हींत आढळलं आणि कंपनीने २०१४ मध्ये त्याची सर्व्हिस बुलेटिन काढली. माझी शेपूट त्याच्या आधीची. भिंगाखाली बघितली, भेग नाही. नसणारच, विमान जमिनीवरून हललेलं नाही. तरी सगळं उघडं असतानाच जोडपट्ट्या लावून घेतल्या. आता दोन तासांचं काम आहे, रंग दिल्यावर दोन आठवड्यांचं झालं असतं.

खमंग

ती कंपनी बुडाली ना?

पत्रेवाली

डिसेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीतून संरक्षण मागितलं होतं, २०२४ मध्ये त्यातून बाहेर आली. ६ चे सुटे भाग मिळतात.

ओझरकरकाका, तुमचा प्रतिसाद छापून गॅरेजच्या फळ्याला लावला आहे. गेज मागवलं. हात आणि बोरोस्कोप (नळीच्या टोकाचा कॅमेरा) पोचेल तिथले सगळे रिव्हेट तीन शनिवार-रविवार तपासले. संशयित म्हणून खुणा केल्या एकसष्ट ठिकाणी. गेज लावल्यावर उरले तेवीस. त्यातले एकोणीस काढले. चार ठिकाणी कडेचं अंतर आधीच जेमतेम होतं, तिथे हात लावला नाही. इथल्या ईएएच्या शाखेचे तांत्रिक सल्लागार येऊन बघून जातात, फुकट, हौसेखातर. (ईएए म्हणजे १९५३ पासूनची घरी विमानं बांधणाऱ्यांची संघटना, जुलैअखेर ऑशकॉशला यांची जत्रा भरते.) त्यांनी ते चार बघितले आणि ओझरकरकाकांचंच वाक्य इंग्रजीत म्हणून दाखवलं.

आणि हो, काढलेल्या एकोणिसातली पहिली तीन भोकं मीच लंबगोल केली. आजोबांचे रिव्हेट तिरके होते, पण त्यांची भोकं गोल होती.

मृण्मयी_९

रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात ना? दुसरं कोण?

पत्रेवाली

सहा महिने बाबा. त्यांच्यावर वेगळा धागा निघेल, इथे थोडंच.

बाबा म्हणजे चाळीस वर्षं लेथ आणि फिटिंग. पत्रा हातात घेऊन पहिलं वाक्य, 'बर काढायला शिकलीस का?' शिकले होते. प्रत्येक भोकाची दोन्ही बाजूंची बर, म्हणजे कडेला उरलेली धारदार कोर, काढायची, नाहीतर पत्रे एकमेकांना घट्ट टेकत नाहीत आणि तिथूनच भेग सुरू होते. यावर आमचं एकमत. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि नव्या पत्र्यावर रेघ ओढायला वाकले. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारीण बाहेर आली.

पेन्सिलीत ग्रॅफाइट असतं. अ‍ॅल्युमिनियमवर ग्रॅफाइट आणि वर जरा ओल आली की तिथे छोटा विद्युतघटच तयार होतो, आणि रेघेखालचं अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. बाबा म्हणाले, बरं, मग सुईने आखतो. सुईने तर त्याहून नाही! पाऊण मिलिमीटरही जाडी नसलेला पत्रा. त्यावरचा ओरखडा म्हणजे भेगेला आयती वाट. 'मग खूण करायची कशाने, कुंकवाने?' बारीक मार्करने, मी म्हटलं. चाळीस वर्षं सुईने आखलेल्या माणसाच्या हातात शाळकरी पेन आलं. दोन दिवस ते गॅरेजमध्ये फिरकले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आले ते उपाय घेऊनच. माझी अडचण ही होती की नव्या पत्र्याला भोकं पाडायची कशी. आतल्या फासळ्यांना आजोबांची भोकं आहेत, नवी भोकं नेमकी त्यांच्यावर आली पाहिजेत, आणि बाहेरून तर ती दिसत नाहीत. मी बाजारातलं भोकशोधक अवजार मागवणार होते. बाबा म्हणाले, जुना पत्रा फेकलास का? फेकला नव्हता. तो सपाट करून नव्यावर ठेवला, कडा जुळवल्या, कोपऱ्यात चार भोकं पाडून क्लेकोने आवळले, मग मधली, मग उरलेली. (क्लेको म्हणजे तात्पुरता स्प्रिंगचा रिव्हेट, ३/३२ चा चंदेरी, १/८ चा तांब्याच्या रंगाचा.) जुनाच पत्रा साचा झाला. पंखावर चढवला तेव्हा एकही भोक चुकलं नाही. हा मार्ग मला माहितीपत्रकांत नंतर सापडला, बाबांना कारखान्यात आधीच.

रिव्हेट मारताना मी बाहेरून हवेची गन धरते, बाबा आतून डॉली (जड धातूचा ठोकळा) टेकवून बसतात. दोघांच्या कानांवर आवाजबंद, त्यामुळे बोलणं अशक्य. आमची ठोक्यांची भाषा ठरली: आतून एक टक म्हणजे झालं, दोन म्हणजे अजून जरासा, तीन म्हणजे थांब. बाबांनी दोनदाच तीन ठोके दिले. दोन्ही वेळा मी घाईत होते.

आता ते परत गेले. सध्या डॉलीला नवरा आहे. तो टकटक न करता ओरडतो.

तेलकट

कोल्हापुरात आपलं वर्कशॉप आहे, म्हणून इंजिनावर विचारतो. वीस वर्षं क्रेटमध्ये पडलेलं इंजिन म्हणजे तेल बदला, प्लग पुसा आणि मारा सेल्फ. बरोबर?

पत्रेवाली

मलाही तेच हवं होतं. इंजिन लायकमिंग ओ-३२०, १५० अश्वशक्तीचं, आजोबांनी दुसऱ्या विमानावरून काढलेलं घेतलं होतं. वहीतल्या तासांवर बघितलं तर अर्धंही वापरलेलं नाही. पण लायकमिंगची ओव्हरहॉलची शिफारस नुसती २००० तासांची नाही, '२००० तास किंवा १२ वर्षं' अशी आहे. त्यातल्या बारा वर्षांचं कारण मला इंजिन उघडल्यावर कळलं. या इंजिनात कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या वरच्या अंगाला असतो. इंजिन चालू असतं तोवर तेल उडून त्याच्यापर्यंत पोचतं. नुसतं पडून राहिलं की तेल हळूहळू खाली ओघळतं आणि सगळ्यात आधी कोरडा पडतो तो कॅम. बरं, त्याचे टॅपेट छत्रीच्या आकाराचे, आतूनच बसवलेले, त्यामुळे केसचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय निघत नाहीत. एक सिलिंडर उतरवून आरसा आणि टॉर्चने बघितलं. कॅमच्या एका उंचवट्यावर तांबूस ठिपके आणि खाली बारीक खळगे. ते तसंच चालू केलं असतं तर कॅम आणि टॅपेट एकमेकांना खरवडत गेले असते आणि तो सगळा चुरा तेलातून बेअरिंगांत गेला असता.

तेलकट

मग पूर्ण खोलणं आलं. आमच्याकडे पाण्याच्या मोटारीचंही हेच. वापरलेली टिकते, ठेवलेली मरते.

खमंग

खर्च किती आला एकूण? गोल गोल नको.

पत्रेवाली

एकट्या ओव्हरहॉलला किट आणि इंजिन मिळून जेवढ्याला घेतलं त्याहून जास्त. आकडा इथे लिहिणार नाही, आई हा धागा वाचते.

नळ्यांचंही तेच. इंधनाच्या आणि तेलाच्या रबरी नळ्या दिसायला ठणठणीत होत्या, वाकवल्यावर तडतडल्या. एकही ठेवली नाही. रिव्हेटच्या बाबतीत शक्य तेवढं कमी उकलायचं ठरवलं, पण जिथे इंधन, तेल किंवा रबर आहे तिथे सरसकट नवीन. एनटीएसबीने (अपघातांची चौकशी करणारी इथली सरकारी संस्था) २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला होता. विमानावरचा ताबा सुटणं आणि इंजिन बंद पडणं ही त्यात मोठी कारणं निघाली, आणि कित्येक अपघात पहिल्याच काही उड्डाणांत झालेले. शंकेखोर विचारायच्या आत सांगते: म्हणूनच पहिल्या उड्डाणाआधी दुसऱ्याच्या आरव्हीत प्रशिक्षकाबरोबर तास घेणार आहे.

शंकेखोर

विचारणारच होतो. घरचे काय म्हणतात ते विचारत नाही.

काटेकोर

नळ्यांचं पटलं. रिव्हेटचं अजून पूर्ण पटलेलं नाही, पण गेज लावून आकड्यांवर निर्णय घेतलात, त्यामुळे गप्प बसतो. त्या चार जागांची नोंद वहीत आहे ना?

पत्रेवाली

आहे. फोटोसह. दर वार्षिक तपासणीला आधी त्याच चार बघायच्या असंही लिहिलं आहे.

पत्रेवाली

दोन महिन्यांनी आले. टाकीचा ताजा हाल.

आरव्हीच्या टाक्या पंखाच्या पुढच्या कडेतच असतात. प्रत्येकी १९ गॅलन. टाकी वेगळी नाहीच, पंखाचा पत्रा हीच टाकी, सांधे प्रोसीलने बुजवायचे. प्रोसील म्हणजे काळी, चिकट, गंधकासारख्या वासाची लापशी. वजनावर दहाला एक या प्रमाणात दोन भाग कालवायचे आणि घट्ट व्हायच्या आत लावायचं. ती केसांना लागली तर केस कापावे लागतात. दोनदा कापले.

आजोबांनी त्या काळच्या पद्धतीप्रमाणे टाकी आतून एका पातळ द्रावणाने खळखळून घेतली होती, बारीक गळती बुजावी म्हणून. पुढे कळलं की ते द्रावण काही वर्षांनी पापुद्र्यासारखं सुटतं आणि इंधनाच्या जाळीत जाऊन अडकतं. कंपनीनेच मग ते वापरू नका म्हणून सांगितलं. बोरोस्कोप घातला तर आत पांढरे पापुद्रे लोंबत होते, जुन्या भिंतीच्या चुन्यासारखे. टाकीच्या मागच्या भिंतीला हात जाईल एवढी भोकं कापली, एमईके नावाचं द्रावक लावून सगळे पापुद्रे खरवडले, सांध्यांवर नवं प्रोसील चढवलं आणि भोकांवर झाकणं बसवली. एका टाकीला चार शनिवार-रविवार.

काल चाचणी. टाकीला कंप्रेसर लावायचा नाही, पत्रा फुगून फाटतो. पद्धत अशी की सगळी तोंडं बंद करायची, एका नळीला फुगा बांधायचा आणि सायकलच्या पंपाने सावकाश हवा भरायची. फुगा फुगला की पुरे, त्याहून दाब वाढला तर तोच आधी फुटेल. काल रात्री दहाला फुगा नारळाएवढा होता. सकाळी सातला लिंबाएवढा. मी गॅरेजच्या पायरीवर बसून राहिले आहे.

मृण्मयी_९

अगं, रडू नकोस. काल रात्री गॅरेजचं तापमान किती होतं आणि सकाळी किती?

पत्रेवाली

हीटर चालू होता, वीस सेल्सिअस. सकाळी दहा. का?

मृण्मयी_९

टाकी १९ गॅलन म्हणजे अंदाजे ७२ लिटर. तापमान वीसवरून दहावर आलं म्हणजे २९३ केल्विनवरून २८३. हवा साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकसली. ७२ लिटरचे साडेतीन टक्के म्हणजे अडीच लिटर. टाकीचा पत्रा आकसत नाही, त्यामुळे ते सगळे अडीच लिटर फुग्यातून जातात. नारळाएवढ्या फुग्यात होती किती हवा? हीटर लाव, वीस होऊ दे, मग बघ.

(अकरावीला फिजिक्स शिकवते. हे गणित उद्या वर्गात देणार.)

पत्रेवाली

हीटर लावला. दोन तासांत फुगा पुन्हा वर आला. नारळाएवढा नाही, मोसंब्याएवढा.

ओझरकर

म्हणजे थोडी गळती आहेच. सांध्यांवर संशय घेण्याआधी तोंडं बघा. साबणाचं पाणी, ब्रशने. आधी भरणाचं झाकण, मग खालचा निचऱ्याचा व्हॉल्व्ह, मग नळीचा जोड. रिव्हेट सगळ्यात शेवटी.

पत्रेवाली

बाबांना व्हिडिओ कॉल लावून फोन स्टुलावर ठेवला. भरणाच्या झाकणाला काही नाही. निचऱ्याच्या व्हॉल्व्हभोवती बुडबुडे, एकाच बाजूने, बारीक, एकामागून एक. सगळे सांधे, मागची भिंत, माझी दोन्ही झाकणं, आजोबांची रिव्हेटची ओळ, सगळं साबणाने माखलं. कुठेही फेस हलला नाही.

व्हॉल्व्ह काढला. आटे कोरडे होते. सीलंट लावायला मीच विसरले होते. बाबांनी फोनवरून नखाने तीन टकटक केल्या.

आता लावून पुन्हा बसवला आहे. हीटर रात्रभर चालू ठेवते आहे, फुगा उद्या सकाळी मोजेन.

चिवडाप्रेमी

फुग्याचा फोटो टाका. या वेळी दिसतोय का बघू.